आर्देनचे सरदार, मुक्काम क्लेमेंटी

सौमित्रचा चष्मा जंगलात पडला तर काय होईल, हा विचार गेले काही महिने माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचा नंबर उणे आठ आहे. अंघोळीला जाताना तो चष्मा बेसिनच्या कडेला ठेवतो आणि बाहेर आल्यावर भिंतीवरून हात फिरवत शोधतो. तेवढ्यातही टॉवेलच्या दांडीवर डोकं आपटून घेतो. अशा मुलाच्या पाठीवर ओझं आणि हातात बंदूक देऊन त्याला काळोखात झाडीतून चालवणार. चष्मा पडला, कोणी तुडवला, तर हा कोणाला हाक मारणार? तो हाकही मारायचा नाही. 'सॉरी, सॉरी' म्हणत तिथेच गुडघ्यांवर बसेल आणि पानं चाचपत राहील.

सौमित्र, माझा मुलगा, यावर हसतो आणि इथल्या पोरांसारखं वाक्याला 'ला'चं शेपूट लावून बोलतो. "आई, स्ट्रॅप असतो, ला. अर्ध्या सिंगापूरला चष्मा आहे." दिलीप, माझा नवरा, हसत नाही. तो म्हणतो, "त्याला जायचंच नाहीये, तर चष्म्याचा प्रश्न येतो कुठे?"

आम्ही इथे पीआर आहोत, म्हणजे कायमचे रहिवासी. आम्हा दोघांना त्याबद्दल काही द्यावं लागलं नाही. आईबापांमुळे पीआर मिळालेल्या मुलाला मात्र अठराच्या सुमारास दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. त्याला इथे एनएस म्हणतात. ते चुकवायचं तर त्याआधी मुलाचं पीआर परत करायचं आणि त्याला दुसऱ्या देशात शिकायला धाडायचं. मग शिकायला किंवा नोकरीला इथे परत यायची वाट जवळजवळ बंद होते. मुलगा असलेल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात, सत्यनारायणाचा प्रसाद हातावर पडला की पुढचा विषय हाच असतो. या वर्षी, म्हणजे २०१६ साली, तो आमच्या घरी आला आहे.

सौमित्र तीन वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून इथे आलो. दिलीपचं ऑफिस वन-नॉर्थला, म्हणून घर क्लेमेंटीला घेतलं. मुलगा अबोल. बाकीची मुलं खाली मैदानात असायची आणि हा एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, डब्यातल्या दारावरचा नकाशा तोंडपाठ करायचा. एकदा सेरंगून रोडवर डाळ-तांदूळ आणायला गेलो होतो. तिथल्या रात्रभर चालणाऱ्या दुकानात त्यानं युरोपचा भिंतीवर लावायचा नकाशा धरून ठेवला, सोडेचना. तेव्हा तो अकराचा होता. घरी येऊन त्यानं फ्रान्स आणि जर्मनीच्या मध्ये बोट ठेवलं आणि म्हणाला, "आई, इथे एक राज्य होतं. एका राजाच्या तीन नातवांनी वाटणी केली. एकाचं फ्रान्स झालं, एकाचं जर्मनी झालं. मधल्याचं दोघांनी मिळून खाल्लं. नॉट फेअर. मधल्यानं काहीच केलं नव्हतं."

त्या मधल्या राज्याची त्याला दया आली, आणि ती गेलीच नाही. चौदाव्या वर्षी त्याला इंटरनेटवर एक टोळकं सापडलं. जगभरातली तीसचाळीस माणसं ते राज्य चालवत होती, जणू ते कधी बुडालंच नाही. राज्याचं नाव लोथारिंगिया. राजा म्हणजे डेन्मार्कमधला एक दातांचा डॉक्टर. प्रत्येकाला एक घराणं, एक जहागीर. राज्यात १४३० साल चालू. सौमित्रला आर्देन नावाचा डोंगराळ, झाडीचा मुलूख मिळाला, कारण तो कोणालाच नको होता. त्यानं आपल्या झेंड्यावर पाणमांजर घेतलं, आमच्या मागच्या कालव्यात दिसतं तसलं. गडाचं नाव डोव्हर, खालच्या पेठेचं बुओना व्हिस्टा. हिरव्या लाइनची स्टेशनं त्यानं ओळीनं आपल्या मुलखात मांडली. युरोपातल्या एकाही शहाण्याला पत्ता लागला नाही.

मला हे मुळीच आवडलं नाही. माझे आजोबा दापोलीकडे खोताचं कूळ होते. खोत म्हणजे गावाचा मालकच. कायदा झाला आणि जमीन आजोबांच्या नावावर आली, तेव्हा ते बांधावर बसून रडले होते, असं माझी आई सांगायची. त्यांचा पणतू सिंगापुरात पंख्याखाली बसून सरदारकी करतो! मी एकदा भडकून बोलले, "कोणाच्या जमिनीवर बसलास रे? कोण राबतंय तुझ्या आर्देनात?"

तो शांतपणे म्हणाला, "आर्देनमध्ये कुळाला काढता येत नाही. मी कायदा केलाय. बाकीचे सरदार माझ्यावर चिडलेत."

मग त्यानं राज्याचा मुख्य नियमही सांगितला. तोही यानंच लिहिलेला, पंधराव्या वर्षी. जमीन राजाची. सरदाराकडे ती राहते एकाच अटीवर: बोलावणं आलं की स्वतः हत्यार घेऊन हजर व्हायचं. आला नाही तर जमीन परत.

हा नियम खेळापुरता आहे असं मी समजत होते. फेब्रुवारीत सविताच्या कॉन्डोत जेवण होतं. सविता माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. तिचा राजस दोन वर्षांपूर्वीच ऑस्ट्रेलियाला गेला, पीआर परत करून. त्या दिवशी ती मला समजावत होती, "अगं मेधा, एवढा काय विचार करतेस? आपण काय इथले आहोत का? पीआर म्हणजे आपली सोय."

तिचा नवरा उल्हास म्हणाला, "दोन वर्षं पोरगा उन्हात उभा करायचा, कशासाठी? त्यांच्या लढाईला त्यांची मुलं आहेत की."

सौमित्र वाट्यांमध्ये बासुंदी ओतत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "काका, मग तुम्ही पीआर का घेतलं? नोकरीच्या पासवर राहायचं. भाड्याच्या घरात."

"म्हणजे?"

"म्हणजे घर घ्यायला तुम्ही इथले आणि एनएसला तुम्ही इथले नाही. कमॉन ला, काका. वेई जिए जाणार, मी नाही जाणार. मग मी सुट्टीत यायचं आणि त्याच्याबरोबर चिकन राइस खायचा? काय बोलू त्याच्याशी?"

वेई जिए आमच्या खालच्या मजल्यावरचा. दोघं पहिलीपासून एका बाकावर. त्याचे वडील बस चालवतात. त्याच्यासाठी कुठलं ऑस्ट्रेलिया?

उल्हास हसून म्हणाला, "दिलीप, तुझा मुलगा सिंगापूरचा मंत्री होणार!" सगळे हसले. दिलीप हसला नाही. गाडीत त्यानं तोंड उघडलं. "चारचौघांत मला खाली पाहायला लावलंस. अक्कल आहे का? तुला काय वाटतं, हा तुझ्या कॉम्प्युटरवरचा खेळ आहे?" सौमित्र म्हणाला, "नो, बाबा. खेळात लोक नियम पाळतात." त्यानंतर बापलेकांचं बोलणं संपलं. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत.

मी कोणाच्या बाजूनं होते? कोणाच्याच नाही. मला सगळ्यांचाच राग येत होता. या देशाचा, की माझं एकुलतं पोर मागतोय. सविताचा, कारण ती रात्री शांत झोपते. सौमित्रचा, की एवढं खरं बोलायची त्याला गरज काय होती. आणि दिलीपचा, कारण तो माझ्या मनातलंच बोलत होता आणि त्याच्या तोंडून ते इतकं वाईट ऐकू येत होतं.

एप्रिलमध्ये सौमित्रच्या राज्यात एक नवा माणूस आला. ब्रेडेनबाखचा बॅरन. म्हातारा, विधुर, गुडघेदुखीनं बेजार, असं त्यानं स्वतःचं वर्णन केलेलं. सौमित्र जेवताना त्याच्याबद्दल बोलू लागला. बॅरननं आर्देनच्या नकाशाचं कौतुक केलं. बॅरननं पाणमांजराबद्दल विचारलं. बॅरन म्हणाला, अशी बुद्धी या वयात पाहिली नाही. दिलीप समोर बसून खाली मान घालून आमटी-भात खात असायचा. मला वाटायचं, बिचारा. परक्या माणसाचं कौतुक मुलाच्या तोंडून ऐकायला लागतंय.

मग बॅरननं दरबारात प्रस्ताव मांडला. सरदारानं स्वतः लढाईला जायची गरज नाही. ढालीचे पैसे भरावेत आणि घरी राहावं. राजा त्या पैशातून दुसरा शिपाई उभा करील. सौमित्रनं कडाडून विरोध केला. तीन दिवस तो कॉलेजमधून आला की टाइप करत बसायचा. हरला. मी म्हटलं, चला, आता बॅरनशी भांडण होणार. पण बॅरननं त्याला वेगळं पत्र लिहिलं, फार गोड. विरोधक असावा तर असा. दोघांची मैत्रीच वाढली.

जुलै संपता संपता सौमित्र एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, मे बी मी जातो. इंग्लंडला. बाबांना सांग."

मी गॅस बंद केला. "काय झालं रे?"

"नथिंग. विचार केला. शहाणा माणूस ढालीचे पैसे भरतो."

मला हलकं वाटलं. त्या रात्री कित्येक दिवसांनी मला जंगल दिसलं नाही, चष्मा दिसला नाही. दिलीपनं दोन आठवड्यांत सगळं जमवलं. विद्यापीठ ठरलं. ऑफिसच्या कामाला लंडनला जायचंच होतं, तेव्हा ते बघूनही येणार होता. गुरुवारी तो गेला. पीआर परत करायच्या कागदांवर सौमित्रची सही सोमवारी, तो परत आल्यावर.

आज रविवार. दुपारी मी डायनिंग टेबलवर मेथी निवडत होते. सौमित्र समोर लॅपटॉप घेऊन बसला होता, एकटाच हसत.

"आई, ऐक ना. बॅरनच्या जहागिरीतले कुळांचे नियम. धिस गाय, मॅन. कुळानं दर आठ दिवसांतून एक दिवस मालकाच्या शेतात राबायचं, नो पे. आठ! युरोपात आठवड्याचे दोन दिवस, तीन दिवस असं मोजायचे. आठवडा सातचा असतो, ला. आठ कुठून आणले यानं?"

माझा हात थांबला. "पुढे वाच."

"प्रत्येक वेलाचा पहिला पंपकिन मालकाच्या घरी. १४३० साली पंपकिन! तो अमेरिकेतून आला. कोलंबस अजून जन्मलापण नाही." तो डोळे पुसत हसत होता. "याला काहीच माहीत नाही. बट ही इज सो नाइस, आई."

आठ दिवसांतला एक दिवस. आमच्याकडे त्याला आठवेठ म्हणायचे. माझे आजोबा ती करत. स्वतःचा लावणीचा चिखल तसाच टाकून खोताच्या खाचरात उतरत. आणि वेलावरचा पहिला भोपळा खोताच्या पडवीत नेऊन ठेवायचा, पायरीखाली उभं राहून. हे मला माझ्या आईनं सांगितलं तसंच आणखी एका माणसानं सांगितलं होतं. लग्न ठरलं तेव्हा दिलीपच्या आजोबांनी, पानाला चुना लावत, हसत हसत. दिलीपचं घराणं खोतांचं. मी कुळाची नात आहे हे त्यांना ठाऊक होतं. दिलीप शेजारी बसून माना डोलावत होता. त्याच्या या गोष्टी फार आवडीच्या. जहागीर कशी चालवायची असं कोणी विचारलं, तर त्याला जगात एकच जहागीर माहीत.

मी सौमित्रला विचारलं, "बॅरन काय म्हणतो आता?"

"ऑनलाइन नाही. गुरुवारपासून. ट्रॅव्हल करतोय म्हणाला."

मेथीची काडी माझ्या हातात पिचली. तरी मी आवाज साधा ठेवला. "तू त्याला खऱ्या गोष्टी सांगतोस का रे? तुझ्या?"

तो जरा लाजला. चष्मा काढून शर्टाला पुसू लागला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे अगदी लहान बाळासारखे दिसतात. "वन थिंग. तुला सांगतो, पण बाबांना नको सांगू, ओके? मला काळोखाची भीती वाटते. जंगलात नाइट वॉक असतो ना, त्याची. वेई जिएलापण नाही सांगितलं. बॅरनला सांगितलं."

"मग?"

"ही वॉज व्हेरी काइंड." त्यानं वाचून दाखवलं. बॅरननं लिहिलं होतं की त्याचे आजोबाही रात्री कधी एकटे बाहेर पडले नाहीत. त्यांच्यापुढे एक कूळ कंदील धरून चालायचं, जन्मभर. भीती वाटण्यात लाज नाही, मुला. कंदील धरायला माणूस असला की झालं.

माझ्या अंगाचा जाळ झाला. उठून भांडी घासायला गेले, घासलेलीच भांडी. कंदील धरायला माणूस! तो कंदीलवाला कोण होता? त्याला काळोखात काय वाटत होतं? त्याच्या पायाखालचं जनावर कोण बघत होतं? आणि आता हा कंदील कोणाच्या हातात द्यायचा, दिलीप? वेई जिएच्या? बस चालवणाऱ्याच्या मुलानं पुढे चालायचं आणि खोतांच्या मुलानं लंडनला निघायचं. साडेचारशे कुळांचं गाव गेलं, खोती गेली, कायदा होऊन सत्तर वर्षं होत आली, तरी तुमची पायरी काही उतरली नाही.

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचा नाही. पोरानं आयुष्यात पहिल्यांदा आपली भीती कोणाला तरी सांगितली. आमच्या घरात, या टेबलावर, त्याला ती सांगता आली नाही. आणि ज्याला सांगितली तो समोर बसून आमटी-भात खात होता. ऐकल्यासारखंही दाखवलं नाही. ती भीती उचलली आणि तिचीच दोरी करून मुलाच्या गळ्यात घातली. मुलगा आता आपल्या पायांनी निघाला आहे, आणि त्याला वाटतंय की हे आपलं आपण ठरवलं.

त्या पत्रात दिलीपचं प्रेमही आहे, हे मला कळतंय. मी ओळखते ना त्याला. 'मुला' म्हणून त्यानं सौमित्रला कधी हाक मारली नाही, गुडघेदुखीबद्दल कधी बोलला नाही. एवढं मऊ बोलता येत होतं, तर बाप होऊन का नाही बोलला? दाढी लावून, सरदार होऊन, पायरीवर उभं राहूनच का? याचा राग कुठे ठेवू?

संध्याकाळी सौमित्र आणि वेई जिए खाली कालव्याकडे धावायला गेले. मी गॅलरीतून पाहत होते. वेई जिए अर्ध्या वाटेत थांबून याची वाट बघतो, हा पोचला की याच्या पाठीत एक धपका घालतो आणि पुन्हा पळतो. रोजचं आहे त्यांचं. सौमित्र धापा टाकत वर आला, पाणी प्यायला, म्हणाला, "त्याला अजून सांगितलं नाही, आई. सोमवारनंतर सांगीन."

मी गप्प बसले तर उद्या सही होईल. कोणाला काही कळणार नाही. बॅरन पंधरा दिवसांनी खेळातून नाहीसा होईल. मुलगा इंग्लंडला जाईल, थंडीत टोपी घालेल, त्याच्या चष्म्यावर फार तर धुकं येईल. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळेल. दुपारपासून मी हेच स्वतःला सांगते आहे. आणि दर वेळी मला तो कंदील दिसतो, आणि त्याच्यामागे कोरड्या पायांनी चालणारा माझा मुलगा.

सांगितलं तर काय होईल तेही मला माहीत आहे. तो सही करणार नाही. बापाच्या रागानं नव्हे, आपल्या नियमानं. जाईल जंगलात. रात्री, बंदूक घेऊन, उणे आठच्या चष्म्यानं. भीत भीत जाईल. आणि मी दोन वर्षं या गॅलरीत उभी राहीन. मला ते नको आहे. अजूनही नको आहे. पण जायचं किंवा न जायचं, ते त्याला त्याच्या खऱ्या बापाला सांगून ठरवू दे. बॅरनला सांगून नाही.

मी सौमित्रला सांगणार नाही. ते काम माझं नाही. दिलीपनं सांगायचं, त्या टेबलावर बसून, सहीच्या आधी, स्वतःच्या तोंडानं. आणि कंदिलाची गोष्ट पुन्हा सांगायची, या वेळी कंदील धरणाऱ्याचं नावही सांगायचं. माहीत नसेल तर आजोबांच्या गावी फोन करून विचारायचं. मला सगळं कळलंय हे दिलीपला लंडनहून विमानात बसायच्या आधीच कळायला हवं, म्हणजे सगळा प्रवासभर विचार करायला वेळ मिळेल.

सौमित्र झोपला आहे. चष्मा उशीजवळ, दांड्या उघड्याच. लंडनला अजून संध्याकाळ असेल, दिलीप सामान भरत असेल. फोन हातात घेतला आहे. तो 'हॅलो' म्हणाला की मी विचारणार आहे, "ब्रेडेनबाखचे बॅरन आहेत का?"